उंबऱ्याला ठेचकाळणारा पाय

आषाढातली गोष्ट. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या एका गावातून मावशी आल्या तेव्हा बाहेर पावसानं धुमाकूळ घातला होता आणि त्यांच्या एकाच पायात चप्पल होती, डाव्या. उजवी वाटेत हरवली असावी असं मला वाटलं. मुलगा म्हणाला, "पिशवीत हाय. पायात ऱ्हाईनाच ती. धा पावलं गेली की निसटती, आन् आईला कळत बी न्हाई."

हे वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढच्या तासाभरात मी जे तपासलं त्यातलं निम्मं त्यात आधीच आलेलं होतं. पंजा लोंबत होता म्हणून चप्पल निसटत होती, आणि पावलाच्या वरच्या बाजूची जाणीव बोथट झाली होती म्हणून निसटलेली कळत नव्हती. म्हणजे हालचाल गेली होती आणि जाणीवही गेली होती, दोन्ही एकाच पट्ट्यात. नुसता स्नायू दुखावला तर जाणीव जात नाही. हा मामला नसेचा होता. प्रश्न एवढाच होता की नस नेमकी कुठं अडली आहे.

मी बेळगावात फिजिओथेरपी करते. गावाकडचे लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात, मी नाही म्हणायचं आता सोडून दिलंय. मावशींच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत, पायाचे नाहीत.

काय घडलं होतं

मावशींचं वय 46. घरची अडीच एकर भातशेती आणि एक म्हैस. आमच्याकडं धूळवाफेवर भात पेरतात, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या रानात. पाऊस लागला की भाताबरोबर तणही तरारून येतं आणि मग भांगलण. भांगलण म्हणजे उकिडवं बसून, हातात खुरपं घेऊन, बेडकासारखं पुढं सरकत जायचं. त्या वर्षी मजुरीला बाया मिळाल्या नाहीत, म्हणून मावशी आणि सून दोघीच तीन दिवस सलग रानात होत्या. "सकाळी आठला बसलं की भाकरीलाच उठायचं. मधी उठलं तर परत खोळ सावरा, लुगडं खोचा, कोण करणार ते?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर उभ्या राहिल्या तर उजव्या पायाला मुंग्या. बसून बसून पाय बधिर होणं नवं नव्हतं. झटकला की जातो. त्या दिवशी गेला नाही. पहाटे म्हशीकडं जायला निघाल्या आणि उंबऱ्याला अंगठा ठेचकाळून दारातच पडल्या.

घरात अर्थातच पहिला शब्द निघाला तो 'वारं', म्हणजे लकवा. सासूबाईंनी तेल चोळलं, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पावलावर शेक दिला. पावलाला शेक किती लागतोय ते नीट कळत नव्हतं, त्यामुळं कातडी भाजली आणि फोड आला. तो मी पाहिला तेव्हा खपली धरत होता. सहाव्या दिवशी जवळच्या शहरात एका दवाखान्यात नेलं. तिथं कमरेचा एमआरआय झाला. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आल्याचं रिपोर्टात होतं आणि 'लवकर ऑपरेशन केलेलं बरं' असा सल्ला मिळाला. गल्लीत कुणीतरी हलक्या आवाजात तिसरंच नाव घेतलं. ते नाव मुलानं माझ्यासमोर उच्चारलं नाही, पण फाईल माझ्या हातात देताना म्हणाला, "तसलं काय नसंल न्हवं?" मला कळलं.

बाराव्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या.

मुलाखतीत एक गोष्ट अशीच सहज निघाली, जी आधीच्या कागदांत कुठंच नव्हती. चैत्रात त्यांना टायफॉईड झाला होता आणि वजन सहा किलो उतरलं होतं. "बांगड्या कोपरापर्यंत सरकत्यात," त्या हसत म्हणाल्या. हे सहा किलो लक्षात ठेवा.

पाय उचलतो म्हणजे काय होतं

मी त्यांना खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. डावं पाऊल: टाच, मग हलकेच पंजा. उजवं पाऊल: फट्. पुन्हा फट्. डोळे उघडले तर दिसलं की उजवा गुडघा त्या जिना चढल्यासारखा वर घेत होत्या, पंजा जमिनीला घासू नये म्हणून.

चालताना पुढं येणारा अंगठा जमिनीपासून किती वर असतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सगळ्यात खालच्या क्षणी ते अंतर जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर असतं. आपण रोज हजारो पावलं इतक्या कमी फरकानं टाकतो आणि ठेचकाळत नाही, कारण नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला एक स्नायू, टिबिॲलिस अँटीरियर, बरोबर त्या क्षणी पंजा ओढून धरतो. खुर्चीत बसून पंजा वर उचला आणि नडगीच्या हाडाशेजारी बोटं ठेवा. फुगून येणारा तो हाच.

पण त्याचं अवघड काम उचलण्याचं नाही, सोडण्याचं आहे. टाच टेकली की शरीराचं वजन पंज्याला खाली आपटायला बघतं. तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच धरून ठेवतो आणि पंजा सावकाश खाली उतरवतो. आडातून घागर ओढणं एक आणि भरलेली घागर हात न सोलता खाली सोडणं दुसरं. दोर हातातून सुटत असतो तरी पकड असते. मावशींच्या पायात ही पकडच नव्हती. फट् आवाज त्याचा.

आता मागं जाऊ. पाय उचलायचा हा हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून, अगदी डोक्याच्या मधल्या भांगाखालून निघतो. उजव्या पायाचा हुकूम डाव्या बाजूनं निघतो, मेंदूच्या देठापाशी बाजू बदलतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली येतो. मज्जारज्जू कमरेपर्यंत पोचत नाही, हे ऐकून लोक चकित होतात. तो पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशीच संपतो. पंजा उचलणाऱ्या पेशी त्याच्या शेवटच्या भागात, शेवटच्या बरगडीच्या आसपासच्या उंचीवर बसलेल्या असतात. तिथल्या एका पेशीचा एकच तंतू कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, गुडघ्याच्या बाहेरून नडगीपर्यंत जातो. जवळजवळ मीटरभर लांबीची एक पेशी! डोळ्यांना न दिसणारी जाडी आणि साडीच्या पदराएवढी लांबी.

तंतूच्या टोकाला तो स्नायूला चिकटत नाही. मध्ये बारीकशी फट असते. संदेश टोकाशी पोचला की ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन फटीत सांडतं, पलीकडची स्नायुपेशी चेतते, तिच्या आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिनांची दोन जातींची सूत्रं एकमेकांत सरकतात. सूत्रं आखडत नाहीत, सरकतात, हे 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं आणि योगायोग असा की दोन्ही गटांत हक्सले आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता, एकमेकांचे कुणी नसलेले. सांडलेलं ॲसिटिलकोलिन काही मिलिसेकंदांत तोडून टाकलं जातं. नाही तर पंजा वर गेला तो वरच राहिला असता.

एवढ्यानं काम होत नाही. पंजा वर यायचा तर मागच्या पोटरीनं ओढ सैल करायला हवी. हे मेंदू प्रत्येक पावलाला बसून ठरवत नाही. मज्जारज्जूतच अशी जोडणी आहे की पुढच्या स्नायूला 'ओढ' सांगणाऱ्या वाटेची एक फांदी पोटरीच्या पेशींना 'गप्प बसा' सांगते. चार्ल्स शेरिंग्टन यांनी या परस्पर-रोधावर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. 1932 साली त्यांना एड्रियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. माझ्या कामाच्या दृष्टीनं याचा अर्थ उलटा आहे: पुढचा स्नायू गप्प झाला की पोटरीला विरोधक उरत नाही. ती दिवसरात्र ओढत राहते, आणि दोन-तीन महिन्यांत आखडून बसते. मग नस बरी झाली तरी पंजा वर येत नाही. मावशींच्या बाबतीत मला नसेइतकीच भीती या पोटरीची होती.

अडलं कुठं?

आमच्याकडं 'शीर' या एका शब्दात सगळं येतं. रक्ताची नळीही शीर, मज्जातंतूही शीर, मनगटावर उठून दिसणारा स्नायुबंधही शीरच. कन्नड बोलणारे पेशंट 'नरा' म्हणतात, त्यांचाही तोच घोळ. त्यामुळं 'शीर दबली' म्हटल्यावर लोक रक्त अडल्यासारखं चोळायला लागतात, आणि चोळतात कुठं, तर जिथं बधिर वाटतं तिथं. मावशींचं पाऊल बारा दिवस चोळलं जात होतं. पावलाचा काहीच दोष नव्हता.

मेंदूपासून नडगीपर्यंतच्या त्या सगळ्या वाटेत अडथळा कुठंही असू शकतो. मेंदू आधी बाजूला काढला: चेहरा, हात, बोलणं ठीक, छोट्या हातोडीनं ठोकल्यावर येणारा गुडघ्याचा आणि टाचेचा झटका दोन्ही पायांत सारखा. लकव्यात झटके सहसा जोरदार होतात आणि पाय ताठतो. इथं पंजा ओल्या पानासारखा लोंबत होता.

मग कंबर. हाच खरा पेच होता, कारण हातात एमआरआय होता आणि त्यात गादी खरोखरच बाहेर आलेली होती. पण चाळिशी ओलांडलेल्या, कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्ये अशी गादी दिसते. चित्रात दिसणारी गोष्ट आणि त्रास देणारी गोष्ट एकच असेल असं नाही. मावशींची कंबर दुखत नव्हती, पाय सरळ उचलून धरला तरी कळ येत नव्हती. यावरून शंका येते, खात्री होत नाही. खात्रीसाठी एक साधी तपासणी पुरते, आणि ती करायला दोन मिनिटं लागतात.

पाचवी कंबरनस दबली तर पंजा वर उचलणं जातं, पण त्याच मुळातून पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूलाही तंतू जातात आणि मांडी बाजूला उचलणाऱ्या कुल्ल्याच्या स्नायूलाही. ते तंतू मात्र गुडघ्याच्या बाहेरून जात नाहीत. एक तंतू मांडीच्या मागून सरळ पोटरीत उतरतो, दुसरा कुल्ल्यापाशीच वळतो. म्हणजे कंबरेत अडलं असेल तर तिन्ही कामं लंगडी पडतील. गुडघ्यापाशी अडलं असेल तर फक्त पंजा उचलणं आणि पाऊल बाहेर वळवणं जाईल.

इथं एक चूक सर्रास होते, मीही शिकत असताना केलेली आहे. पंजा लोंबत असताना पाऊल आत वळवायला सांगितलं तर ताकद कमीच भासते, कारण लोंबत्या स्थितीत त्या स्नायूला जोर धरता येत नाही. आधी आपल्या हातानं पंजा काटकोनात आणून धरायचा आणि मग सांगायचं. मी तसं धरलं. मावशींनी पाऊल आत वळवलं ते माझा हात बाजूला ढकलूनच. कुशीवर झोपून मांडी उचलली तीही मजबूत. पंजा उचलण्याची ताकद पाचपैकी एक, म्हणजे स्नायूत नुसती फडफड, हालचाल नाही. अंगठा वर घेणं शून्य. पाऊल बाहेर वळवणं पाचपैकी दोन.

उजव्या गुडघ्याच्या बाहेर, थोडं खाली, फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाचं गोल टोक गाठीसारखं हाताला लागतं. त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून ही नस नडगीत शिरते. सगळ्या शरीरात इतक्या उघड्यावर असलेल्या नसा फार थोड्या. कोपराला आपटलं की जी झणझणते ती एक, आणि ही एक. वर कातडी, थोडी चरबी, खाली हाड. मी तिथं बोटानं टिचकी मारली आणि मावशींनी पाय आखडून घेतला: "आई गं! पावलापातूर वीज गेली."

आता ते सहा किलो आठवा. नसेखालची आणि वरची चरबी ही तिची गादी असते. टायफॉईडनं ती वितळली. मग तीन दिवस उकिडवं बसणं: गुडघा पूर्ण दुमडला की मांडीमागचा स्नायुबंध, पोटरीचं डोकं आणि हाड यांच्या कात्रीत नस सापडते, शिवाय ताणलीही जाते. सुनेनंही तेवढंच भांगललं, तिला काही झालं नाही. तिला टायफॉईड झाला नव्हता.

आणि ते तिसरं नाव. कुष्ठरोगात नेमकी हीच नस, नेमकी याच जागी जाड होते आणि पंजा लोंबतो, हे खरं आहे. म्हणून ते टाळून चालत नाही. दोन्ही पायांची नस बोटांखाली घेऊन पाहिली, सारखीच. अंगावर कुठं फिकट, बधिर चट्टा नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडूनही एकदा पाहून घेतलं. मुलाला मी स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते असतं तरी औषधानं पूर्ण बरं होतं, आणि लोंबत्या पंज्यावर वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्यासारख्यांनी गेल्या शतकातच शस्त्रक्रिया बसवल्या आहेत: आत वळवणारा स्नायू सोडवून पुढं आणायचा आणि त्याला उचलायला शिकवायचं. त्यानं मान हलवली, पण ऐकलं फक्त 'नाही' एवढंच असावं.

स्वतःचा पाय उडताना पाहणं

मज्जातंतूंची विद्युत तपासणी मी लगेच करू दिली नाही. घाई करणाऱ्यांना ही गोष्ट पटवणं अवघड जातं. तंतू पूर्ण तुटला तरी तुटीच्या खालचा तुकडा काही दिवस जिवंत असल्यासारखा वागतो, विजेचा झटका दिला की संदेश वाहून नेतो. पहिल्या आठवड्यात तपासलं तर तुटलेला आणि नुसता दबलेला तंतू सारखाच दिसू शकतो. म्हणून चोविसाव्या दिवशी बेळगावातल्या एका मेंदू-मज्जातज्ज्ञांकडं पाठवलं आणि सोबत गेले.

घोट्यापाशी झटका: पावलातला छोटा स्नायू नीट उडाला. गुडघ्याच्या गाठीच्या खाली झटका: मावशींचा लोंबणारा पंजा टुणकन वर आला. मावशी कॉटवर उठूनच बसल्या. "हा बघा, उडतुया की! जिता हाय!" तज्ज्ञांनी पुन्हा दिला, पुन्हा उडाला. मग गाठीच्या वर, बोटभर अंतरावर, तेवढाच झटका: बारीकशी फडफड, बस्स. चार बोटांच्या पट्ट्यात हुकूम अडत होता. वर ठीक, खाली ठीक.

लुइजी गॅल्वानींनी बेडकाचा पाय विजेनं उडतो हे 1791 साली छापलं तेव्हा लोकांना काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी थोडं कळलं. स्वतःच्या पायाचा बेडूक झालेला पाहून इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मुलगा शेतात मोटर-स्टार्टर हाताळणारा. तो म्हणाला, "म्हंजे मोटर जळली न्हाई, केबल दबलीया." पुष्कळ अंशी बरोबर. तंतूवर मायलिनचं आवरण असतं, ते दाबानं चेंगरलं की संदेश तिथं अडतो. आतली तार शाबूत असते. हर्बर्ट सेडन यांनी 1943 साली नसेच्या इजांचे तीन प्रकार मांडले, त्यातला हा सगळ्यात सौम्य. आवरण दुरुस्त व्हायला आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. पण केबलची उपमा एका जागी मोडते. तारेत वीज जवळजवळ तत्क्षणी पोचते. तंतूत ती आवरणाच्या एका खाचेतून पुढच्या खाचेत उडी मारत, प्रत्येक खाचेत सोडियम आत घेत नव्यानं पेटत जाते. हेल्महोल्ट्झ यांनी 1850 साली बेडकाच्या नसेत हा वेग मोजला तो सेकंदाला 27 मीटरच्या आसपास भरला. माणसाच्या या नसेत तो चाळीसच्या वर असावा लागतो.

सुई घालून केलेल्या तपासणीत मात्र असंही दिसलं की थोडे तंतू आतूनही तुटलेत. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून अंगठा उचलणाऱ्या स्नायूपर्यंतची वाट जास्त लांब. म्हणून मी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं: पंजा आधी येईल, अंगठा सगळ्यात शेवटी. कंबरेच्या ऑपरेशनचा विषय त्या दिवशी संपला.

म्हैस आणि सायकलची ट्यूब

उपचाराचा पहिला भाग म्हणजे काय करायचं नाही ते: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. शहरात हे सोपं आहे. गावात संडास, चूल, भांडी, धार, सगळं उकिडवं. संडाससाठी खुर्ची आणली, चूल सुनेकडं गेली. धारेवर गाडी अडली. "सून काढंल, पण म्हस तिला पान्हा सोडत न्हाई." यावर फिजिओथेरपीच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. शेवटी उपडी बादली ठेवून तिच्यावर बसायचं, उजवा पाय लांब सोडायचा, असं ठरलं. म्हशीनं दोन दिवस नाराजी दाखवली आणि मग मान्य केलं.

पोटरीसाठी जुन्या साडीचा काठ: पंज्याला फास घालून दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढायचं, तीस मोजायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. उचलण्याचा सराव दोन्ही पावलं समोर ठेवून, एकदम, उजवं हललं नाही तरी. हुकूम जात राहावा म्हणून. विजेच्या मशीननं स्नायू उडवण्याचा उपचार मी मोजकाच दिला. पेशंटना तो आवडतो, दवाखान्यांना त्याहून आवडतो. माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

चिखलात प्लॅस्टिकचा पायपट्टा चालत नाही, म्हणून मुलानं जुगाड केला: चपलेच्या पुढच्या टोकापासून सायकलच्या ट्यूबची पट्टी वर आणून पायाला बांधायची, पंजा आपोआप वर ओढला जाईल. कल्पना छान होती, मी शाबासकीही दिली. 'वर कुठं बांधू?' असं त्यानं विचारलं आणि मी बोलून गेले, "गुडघ्याखाली."

पाचव्या आठवड्यात पंजा हलायला लागला होता. सहाव्यात तिथंच. सातव्यात तिथंच, उलट मुंग्या वाढलेल्या. मला काही सुचेना. तुटलेले तंतू अंदाजापेक्षा जास्त असतील, पुन्हा तपासणी करावी लागेल, असं मी मनात जुळवत होते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मावशी आल्या, कॉटवर बसून पट्टी सोडली आणि पाहते तर गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, ट्यूबचा लाल वळ. बरोबर त्या गाठीवर. ज्या चार बोटांच्या जागेला श्वास मिळावा म्हणून आम्ही एवढा आटापिटा केला होता, तिथंच मी रबराचा फास बांधायला सांगितला होता. दोन आठवडे, दिवसाचे सात-आठ तास.

मी चूक झाली म्हणून सांगितलं. मुलगा खाली बघत राहिला. त्याला वाटलं ती त्याची. पट्टी घोट्याच्या वर चार बोटांवर, रुंद कापडी पट्ट्याला बांधली. तिथं ओढ थोडी कमी मिळते, पण नसेला धोका नाही. अकराव्या दिवशी मुलाचा फोन: "पंजा वर येऊन थांबतोय. मोजून तीन."

तेव्हापासून पट्टी कुठंही बांधायची असली की मी शाईचं पेन घेऊन त्या गाठीवर फुली मारते, आणि म्हणते, इथं नाही.

नंतर

गणपतीत पंज्याची ताकद पाचपैकी तीन झाली, म्हणजे पंजा त्याच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता येत होता. चालणं मी पुन्हा डोळे मिटून ऐकलं. फट् नव्हतं, पण डाव्यापेक्षा किंचित लवकर टेकत होतं. घागर सोडणारा हात अजून दमत होता. आधी फडफड, मग हालचाल, मग धरून ठेवणं, आणि सगळ्यात शेवटी सावकाश सोडणं: ताकद या क्रमानं परत येते. दसऱ्यापर्यंत पंजा पाचपैकी जवळजवळ पाच. पोटरी आखडली नव्हती, साडीच्या काठानं ते काम चोख केलं होतं. अंगठा पाचपैकी दोन. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कापूस फिरवला तर अजून कळत नव्हतं.

दिवाळीच्या आधी त्या शेवटच्या आल्या त्या चपला घालून. अंगठा वर उचलून दाखवला, माझ्या बोटाच्या दाबाखाली थोडा दबला, तरी राहिला. बेचक्यातला बधिरपणा छोट्या नाण्याएवढा उरला होता.

"आता सुगी आली," त्या म्हणाल्या. भात कापणीला आला होता. "बसू का नको?"

मी सांगितलं, शक्यतो वाकून कापा, आणि बसलातच तर एका वेळी पंधरा मिनिटं, मग उठायचं, चार पावलं चालायचं. वजन पूर्ण भरून येईपर्यंत त्याहून जास्त नाही.

"पंधरा मिंटं कळायची कशी रानात?"

मुलानं मोबाईल काढला, गजर लावून दाखवला. मावशींनी तो कानाशी नेला, मग परत दिला. "ह्यो नगं. बाया हसतील. मी आपली ओळ मोजते. दोन ओळी झाल्या की उठते."

भाताच्या दोन ओळी कापायला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. मुलाकडं पाहिलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "धा-बारा मिंटं. आई कापती म्हटल्यावर धाच."

मी केसपेपरवर लिहिलं: दोन ओळी, मग विश्रांती.